बनवलं त्यानंच ओतायचं

माझ्या नणंदेला प्रयोगशाळेत सगळे सुसर म्हणायचे. हे नाव मी ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर छाती पुढे काढून सांगितलं असतं. मी तिथं लागले तेव्हा ते आधीपासूनच चालू होतं, आणि कारण विचारायची वेळ कधी आली नाही. यंत्र चालू असताना ती अशी टक लावून बसायची की पापणी लवायची नाही, आणि यंत्र बंद झालं की त्याच नजरेनं आमच्याकडे बघायची. कुणाला तिच्याकडून काही काम करून हवं असलं, की तो दारात उभा राहून आधी तिच्या हाताची तारीफ करायचा आणि वळून आम्हाला डोळा मारायचा. सुसरबाई, तुझी पाठ मऊ! तारीफ करून कुणाचं काम लवकर झालं, असं मात्र मी अठरा वर्षांत पाहिलं नाही.

मला ती आवडत नाही. आजही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडू अशी वाट बघत कुणी बसायला नको.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनं शाळा सोडली आणि धाकट्या भावाला वाढवलं. त्यासाठी ती प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षात निदान चाळीस वेळा ऐकवण्यात आलं. नवऱ्यानं नाही, तिनंच ऐकवलं. ती आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. दर रविवारी वर जेवायला येते आणि हात धुवायच्या आधी फडताळाच्या कडेवरून बोट फिरवते. बोटाकडे बघते. बोलत काही नाही. बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

तिचं काम मात्र सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्याकडे औषध बनत नाही, औषध पोचवायची गाडी बनते. शरीरातल्या पेशीला अमुक प्रथिन कसं तयार करायचं ते सांगणारा एक संदेश असतो, लांबलचक जनुकीय धागा. तो फार नाजूक. नुसता रक्तात सोडला तर यकृतापर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे होतात. म्हणून त्याला चरबीच्या कणात गुंडाळायचं. कण म्हणजे केवढा? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले ऐंशी. शंभराच्या वर गेला की तो आमच्याकडे नापास.

हे गुंडाळायचं काम एका चिपमध्ये होतं. चिप म्हणजे दोन बोटांएवढी पारदर्शक पट्टी. तिच्यात केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या, आणि वाटांच्या तळाला तिरप्या खोबण्या. एका सिरिंजमध्ये आंबट पाण्यात मिसळलेला संदेश, दुसरीत अल्कोहोलमध्ये विरघळवलेली चरबी. पंप दोन्ही ढकलतो, पाणी तीन भाग आणि अल्कोहोल एक भाग. वाटा एकत्र येतात, खोबण्यांवरून जाताना दोन्ही द्रव एकमेकांत घुसळले जातात, आणि पाणी लागल्याबरोबर चरबीला विरघळून राहता येत नाही. ती घाईघाईनं संदेशाभोवती गोळा होते. पापणी लवायच्या आत सगळा खेळ संपतो. म्हणून सुसर पापणी लववत नसावी, असा आमच्यातला एक जुना विनोद होता.

बाटल्या धुता धुता हे सगळं ती नुसतं बघून शिकली. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. पण पंपाच्या आवाजावरून तिला कळायचं की आत हवेचा बुडबुडा शिरलाय. शिकलेली माणसं आकडे लावत बसायची आणि ही लांबून म्हणायची, ‘‘डावी सिरिंज काढा, हवा आहे.’’ काढली की हवा असायची. मला याचा राग यायचा. तिची चूक निघाली तर किती बरं, असं मला रोज सकाळी वाटायचं. लोक देवाकडे काय काय मागतात, मी हे मागत होते.

राग तरी उगाच नव्हता. नोकरी मला तिनंच शब्द टाकून मिळवून दिली होती, आणि पहिलं वर्ष मी तिच्याच हाताखाली चिपवर होते. या कामाची एक रीत आहे. पंप सुरू केल्यावर पडणारे पहिले थेंब वेगळ्या नळीत धरून फेकायचे, कारण तेव्हा प्रवाह एकसारखा झालेला नसतो आणि कण वेडेवाकडे येतात. एकदा, फक्त एकदा, मी नळी बदलायला उशीर केला. चार थेंब चांगल्या मालात पडले असतील. तिनं सगळ्यांना बोलावलं. मला ब्लीचची बाटली हातात दिली आणि तो आख्खा माल मला मोरीत ओतायला लावला. तीन आठवड्यांची मेहनत होती. मी रडत होते आणि ती शांतपणे म्हणाली, ‘‘ज्यानं बनवलं त्यानंच ओतायचं. दुपारच्या आत. म्हणजे हाताला लक्षात राहतं.’’

हा तिचा नियम. पूर्वी कधीतरी नापास झालेला माल चांगल्या मालाशेजारी राहिला होता आणि अदलाबदल होता होता वाचली होती. तेव्हा तिनं तो साहेबांकडून भिंतीवर लावून घेतला. त्याखाली तिचंच एक वाक्य: आकड्यापुढे आपलं मत चालत नाही.

मी बदली मागून घेतली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेले, मोजणीला. म्हणजे ती बनवणार आणि मी मोजणार. तिच्या कामाला गुण देणारी मी! साहेबांना वाटलं होतं, घरच्याच दोघी आहेत, समजून घेतील एकमेकींना. साहेब साधे होते. त्यांना भाऊबहीण कुणी नव्हतं.

माझं यंत्र प्रकाश टाकून कणांचा नाच बघतं. लहान कण वेगानं थरथरतो, मोठा कण सावकाश. त्यावरून ते आकार काढतं. पण एक गोष्ट आपण त्याला सांगावी लागते, की कण कशात तरंगताहेत. पाण्यात असतील तर पाणी. अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात असतील तर तसं. कारण असं मिश्रण पाण्यापेक्षा दाट असतं, त्यात लहान कणही रेंगाळतो, आणि यंत्राला तो मोठा वाटतो. एरवी हा प्रश्न यायचाच नाही. माल आधी रात्रभर धुवायचा, अल्कोहोल काढायचं, मग माझ्याकडे नमुना यायचा. त्यामुळे माझ्या यंत्रावर कायम ‘पाणी’ लावलेलं असायचं.

सतरा वर्षं मी तिचे कण मोजले. ऐंशी, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. दर वेळी ती काचेपाशी येऊन उभी राहायची. मी आकडा कागदावर लिहून काचेला लावायची. ती बघून निघून जायची. दार उघडून बोलायची आम्हाला सवयच नव्हती.

मग त्या मुलीचं काम आलं.

सहा वर्षांची मुलगी. तिच्या यकृतात एक प्रथिन तयारच होत नव्हतं, त्यामुळे शरीरातलं विष बाहेर पडायचं नाही आणि मेंदूपर्यंत जायचं. नेमकं ते प्रथिन बनवायचा संदेश तिच्यासाठी तयार करून आमच्याकडे पाठवला होता. दोन डोसांपुरता. एक डोस पाच आठवडे टिकणार, दुसरा पुढचे पाच. नवा संदेश हवा असेल तर दहा आठवडे लागणार. म्हणजे हिशोब अगदी नेमका होता. दोन्ही डोस नीट झाले तर नवा येईपर्यंत ती निभावणार. एक जरी वाया गेला, तर मध्ये पाच आठवड्यांचं भगदाड. साहेबांनी आम्हाला समोर बसवून हे सांगितलं.

मंगळवारी सकाळी सुसरीनं पहिला डोस बनवला. मी काचेतून बघत होते. ती श्वाससुद्धा जपून घेत होती. काम झालं, तिनं मान हलवली. खूश झाली की ती एवढंच करते.

माल रात्रभर धुवायचा होता. पण रुग्णालयातून साहेबांना फोनावर फोन. ‘‘काहीतरी आकडा द्या, अंदाजे तरी द्या.’’ साहेब माझ्याकडे आले. ‘‘न धुतलेल्यातलाच थोडा नमुना घे आणि बघून टाक. कळेल तरी.’’ मी घेतला. नमुना बशीत घातला, यंत्रात ठेवला आणि बटण दाबलं.

एकशे छप्पन्न.

मी पुन्हा वाचलं. एकशे छप्पन्न. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती मुलगी माझ्या डोक्यात नव्हती. माझ्या डोक्यात ब्लीचची बाटली होती. मी आकडा नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिला आणि काचेला लावला.

सुसर आली. बघितलं. आणि पहिल्यांदाच ती दार उघडून माझ्या खोलीत आली.

‘‘पुन्हा मोज.’’

‘‘का?’’

‘‘माझे कण एवढे नाहीत. मोज पुन्हा.’’

‘‘वन्सं, नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं हे,’’ मी म्हणाले. साहेब दारात होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. ‘‘आणि आकड्यापुढे आपलं मत चालत नाही. भिंतीवर लिहिलंय. कुणाचं वाक्य ते?’’

ती माझ्या यंत्राच्या पडद्याकडे बघायला लागली. तिला माझ्या यंत्रातलं काही कळत नव्हतं. चिपची तिला नखशिखान्त माहिती, पण काचेच्या अलीकडे ती अडाणी होती, आणि अलीकडे यायला आम्ही दोघींनी कधी वाट ठेवलीच नव्हती. ती येत असती, बसत असती, तर तिनं एका वाक्यात विचारलं असतं, ‘‘अगं, यात अजून अल्कोहोल आहे, ते यंत्राला सांगितलंस का?’’ आणि मला तिथल्या तिथं घाम फुटला असता.

साहेब म्हणाले, ‘‘ताई, आकडा फारच जास्त आहे. थोडाथोडका असता तर धुवून बघितलं असतं.’’

‘‘उद्यापर्यंत ठेवा,’’ ती म्हणाली.

साहेबांनी भिंतीकडे बघितलं. मग मान खाली घातली. ‘‘नियम आहे, ताई. तुमच्याबाबतीत मोडला तर उद्या मी बाकीच्यांना काय सांगू?’’

ती आपल्या खोलीत गेली. तिनं हातमोजे बदलले, नळी उचलली, ब्लीचची बाटली उघडली आणि तो माल स्वतःच्या हातानं ओतला. दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी काचेतून सगळं पाहिलं. डोळे भरून पाहिलं म्हणा हवं तर.

त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहायची लाज वाटते, पण लागली.

बुधवारी सकाळी मी बशा धुवायला घेतल्या. कालची बशी तशीच झाकलेली होती, तळाला थोडा नमुना उरलेला. गंमत म्हणून, खरंच गंमत म्हणून, मी ती नाकाशी नेली. अल्कोहोलचा वास आला.

मी दार लावलं. यंत्रावर ‘पाणी’ होतं. ते बदलून मी पाणी आणि अल्कोहोल केलं, प्रमाण तीनास एक. बशी आत ठेवली. हा सूर्य आणि हा जयद्रथ! अठ्ठ्याहत्तर. परत घातली. अठ्ठ्याहत्तर. ओतून टाकलेल्या मालाचे दोन थेंब माझ्या बशीत उरले होते, आणि ते उत्तम होते.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. मी बशी धुतली. स्वतःशी म्हणाले, माल तर गेलाच आहे, आता सांगून काय परत येणार आहे? दुसरा डोस गुरुवारी बनेल, तो धुवून नीट मोजू, कुणाला काही कळायचं नाही. बुधवार मी तसाच काढला. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, ‘‘ताईला काय झालंय? खाली दार उघडत नाहीये.’’ मी म्हणाले, मला काय माहीत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

गुरुवारी मी गेले तेव्हा चिपच्या खोलीत भांडण चालू होतं. साहेबांनी रात्रभर बसून उपाय काढला होता. कण मोठे येताहेत ना, मग पंपाचा वेग दुप्पट करायचा आणि चरबीचं प्रमाणही बदलायचं. सुसर नको म्हणत होती.

‘‘बदलू नका. आहे तेच बरोबर आहे.’’

‘‘ताई, बरोबर असतं तर एकशे छप्पन्न आला असता का? तुम्हाला जमत नसेल तर बाजूला व्हा. मी चालवतो.’’

त्यांनी सिरिंज हातात घेतली होती. त्यात शेवटचा संदेश होता. बिघाड नव्हताच, आणि तो दुरुस्त करायच्या नादात ते उरलेलासुद्धा बिघडवणार होते, माझ्या एका आकड्यावर विसंबून. मी दारात उभी होते. मला मागे फिरता आलं असतं. तोंड उघडायला मला किती वेळ लागला ते मला माहीत आहे, आणि ते मी कुणाला सांगणार नाही.

‘‘थांबा,’’ मी म्हणाले. ‘‘माझं चुकलंय. तो अठ्ठ्याहत्तर होता.’’

साहेबांना कळायला वेळ लागला. सुसरीला लागला नाही. मी अल्कोहोल म्हणाले मात्र, ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं साहेबांच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि मला म्हणाली, ‘‘त्या भिंतीला पाठ लावून उभी राहा. हलायचं नाही. बोलायचं नाही.’’

मी उभी राहिले. तिनं जुन्याच वेगावर, जुन्याच प्रमाणात दुसरा डोस बनवला. पहिले थेंब बाजूला काढले. शेवटचे काढले. तिचे हात जराही हलत नव्हते. रात्रभर माल धुतला, शुक्रवारी सकाळी मी मोजला. एकोणऐंशी. ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. ‘‘पुन्हा,’’ म्हणाली. एकोणऐंशी. ‘‘पुन्हा.’’ ऐंशी. पाच वेळा मोजायला लावलं, आणि दर वेळी यंत्रावर काय लावलंय ते मोठ्यानं वाचायला लावलं, पहिलीतल्या पोरीला लावतात तसं. मी वाचलं.

दुपारी तिनं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. दोन पानं होती. साहेबांनी ती मला वाचायला दिली. मी एक तरी खोटं वाक्य सापडावं म्हणून तीनदा वाचली. सापडलं नाही. बुधवारी माझं दार का लावलेलं होतं, हेसुद्धा तिनं विचारलं होतं. घरी भावालाही तिनं सगळं सांगितलं, पदरचं काही न घालता. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. एका सहकाऱ्यानं ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असं माझ्या पाठीमागे म्हटलेलं मी ऐकलं.

तक्रार साहेबांच्या खणात गेली. रुग्णालयाला कळवलं गेलं की एक डोस तांत्रिक कारणानं वाया गेला. तांत्रिक कारण! छान शब्द आहे, त्याला तोंड नसतं.

एक डोस मुलीला मिळाला. तो साडेपाच आठवडे टिकला. पुढे रक्त धुवायच्या यंत्रावर दिवस काढले, दुधाची तहान ताकावर भागवली. सातव्या आठवड्यात विष एकदम चढलं, आणि ती नऊ दिवस बेशुद्ध होती. मग नवा संदेश आला, सुसरीनं नवे डोस बनवले, आणि मुलगी जगली.

जगली, एवढं आम्हाला कळलं होतं. बाकीचं तिच्या वडिलांनी सांगितलं.

ते चार महिन्यांनी स्वतःहून आले, आभार मानायला. धंद्यानं प्लंबर. हातात फळांची पिशवी. साहेबांनी चहा मागवला आणि त्यांना चिपच्या खोलीत आणलं. त्या माणसाला ते सगळं बघून इतका आनंद झाला! बारीक नळ्या, जोड, पंप. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, ‘‘यात हवा शिरली तर?’’

‘‘आवाज बदलतो,’’ सुसर म्हणाली.

‘‘आमच्याकडंही तेच!’’ ते हसले. आणि सुसर हसली. मी तिला बाहेरच्या माणसासमोर हसताना पहिल्यांदा बघितलं.

‘‘पोरगी खाली गाडीत आहे, आईबरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘चालत असेल तर घेऊन येतो. आधी नुसती बडबड चालायची तिची, डोकं उठवायची. आता शब्द सापडत नाहीत तिला. मला बाबा म्हणायलासुद्धा जरा वेळ लागतो. पण म्हणते. डॉक्टर म्हणाले, मधे खंड पडला म्हणून झालं. एक डोस बनवताना काहीतरी बिघडलं म्हणे. चालायचंच. आमच्याकडं पण पाइप फुटतात.’’

साहेब चहाच्या कपात बघत होते.

‘‘पाइप फुटला नव्हता,’’ सुसर म्हणाली.

साहेबांनी ‘ताई’ म्हणून तिला थांबवायला हात वर केला. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी सांगते की तू सांगतेस, एवढंच त्या नजरेत होतं.

मी सांगितलं. न धुतलेला नमुना, ‘पाणी’, एकशे छप्पन्न. प्लंबर कप टेबलावर ठेवून ऐकत राहिले.

‘‘दुसऱ्यांदा मोजलं नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘कुणी सांगितलं नाही मोजायला?’’

‘‘यांनी सांगितलं होतं.’’ मी सुसरीकडे बोट केलं.

‘‘मग?’’

मी खोटं बोलू शकले असते. वेळ नव्हता, घाई होती, साहेब मागे लागले होते. सगळं खरंही होतं. ‘‘यांची चूक निघाली म्हणून मला बरं वाटलं होतं,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणून नाही मोजलं.’’

ते सुसरीकडे वळले.

‘‘तुम्हाला वाटत होतं ना, की औषध चांगलं आहे?’’

‘‘वाटत नव्हतं. माहीत होतं.’’

‘‘मग फेकलं कुणी?’’

‘‘मी.’’

‘‘का?’’

‘‘नियम होता.’’

‘‘कुणाचा?’’

अठरा वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती, की हिला कुणीतरी असं विचारावं ज्याचं उत्तर देताना हिची मान खाली जाईल. तो क्षण आला, आणि मला तो नको होता.

‘‘माझा,’’ ती म्हणाली.

प्लंबरनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. फळांची पिशवी टेबलावर होती, ती त्यांनी सावकाश उचलली.

‘‘तुम्ही एकमेकींच्या कोण?’’



‘‘भावजय आहे माझी,’’ सुसर म्हणाली.

‘‘वाटलंच,’’ ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळून न बघता म्हणाले, ‘‘तिला वर आणणार होतो मी.’’

जिन्यावर त्यांची पावलं वाजत राहिली. खाली रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकी दोन पावलांवर होती. आम्ही दोघींपैकी कुणीही तिच्यापाशी गेलं नाही.